डॉसचे एकतीस, विंडोजचे अकरा

नको असलेली वस्तू फुकट मिळत असेल तर ती घ्यावी का? शहाणा माणूस नको म्हणतो. मी रिक्षा बोलावली.

मी सांगलीत जवाहरशेठांच्या पेढीवर दिवाणजी. पेढी हळदीची आणि बेदाण्याची. शहाण्णव साली पेढीवर नवा कॉम्प्युटर आला आणि जुना भंगारात जायला निघाला. आता ज्या यंत्रानं मला चार वर्षं एका शब्दानं दुखावलं नाही (म्हणजे दुखावलं, पण इंग्रजीत), ते असं वजनावर विकलेलं मला बघवेना. मी म्हटलं, "शेठ, मी नेतो घरी."

"न्या की," शेठ म्हणाले. "पन वहिनींना इचारलं का?"

"त्यांना काय विचारायचं?" मी म्हणालो. (हे वाक्य मी फक्त पेढीवरच बोलू शकतो.)

घरी पद्मानं, म्हणजे माझ्या बायकोनं, रिक्षातून उतरणारं धूड पाहिलं आणि विचारलं, "कुणाचं ओझं?" तरीपण शिलाई मशीन कोपऱ्यात सरकवून जागा करून दिली. मी कॉम्प्युटर लावला. काळाकुट्ट पडदा, वर डाव्या कोपऱ्यात एक हिरवं 'सी', पुढे एक बाण आणि उघडझाप करणारी बारीक रेघ. झालं. याला म्हणतात डॉस. चित्र नाही, रंग नाही, थिल्लरपणा नाही. तुम्ही हुकूम टाइप करायचा आणि त्यानं ऐकायचा.

"आता हे काय करतं?" पद्मानं विचारलं.

"आपण सांगू ते."

तिनं पदराला हात पुसले आणि एका बोटानं इंग्रजीत स्वतःचं नाव टाइप केलं. पडद्यावर उमटलं, 'बॅड कमांड ऑर फाइल नेम'.

"अगंबाई! हे तर सासूबाईंच्या वळणावर गेलंय," ती म्हणाली. "आपण होऊन एक शब्द बोलायचं नाही, आणि आपण बोललो की चूक काढायची."

मी दुर्लक्ष केलं. वीस-पंचवीस वर्षांच्या संसारात माणसाला दुसरं काही जमत नसलं तरी हे जमतं. मला डॉसच्या साठ-सत्तर कमांडी पाठ होत्या. घरात माझ्या कमांडी ऐकणारं ते एकमेव अपत्य होतं. दुसरं अपत्य म्हणजे आमची सई. ती इंजिनिअर झाली होती आणि तिनं वर्गातल्याच निमिष शेंडे नावाच्या साताऱ्याच्या मुलाशी परस्पर लग्न ठरवून टाकलं होतं. आम्हाला फक्त कळवलं. मुलगा सरळ, घर चांगलं. पद्माला तो फोटोतच आवडला. मलाही आक्षेप नव्हता. (मला विचारलं नव्हतं हा भाग वेगळा.)

एका रविवारी निमिषचे आईवडील साताऱ्याहून आमच्याकडे आले. वडील देवदत्तराव, आई कुमुदिनीबाई. येताना पेढे आणले. पोहे झाले, चहा झाला, पद्मा आणि कुमुदिनीबाई लांबच्या नात्यातून एकमेकींच्या मावसबहिणी निघाल्या. आता नारळ देऊन पाहुण्यांना निरोप द्यायचा, की लग्न ठरलं. तेवढ्यात देवदत्तरावांचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं.

"काय हो अनंतराव, तुमच्याकडे अजून डॉस?"

'अजून' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जसं काही त्यांना आमच्याकडे चूल दिसली होती.

तेव्हा कळलं, की गृहस्थांचा साताऱ्यात कॉम्प्युटरचा क्लास आहे. विंडोज पंच्याण्णव शिकवतात. मी म्हटलं, "अजून म्हणजे? डॉस हाच खरा कॉम्प्युटर. विंडोज म्हणजे त्यावर चढवलेला अभ्रा."

"अहो, विंडोजमध्ये सगळं समोर दिसतं. चित्रावर बोट ठेवायचं, काम होतं. पाठांतर नको, काही नको."

"बोट तान्हं मूल ठेवतं. त्याला बोलता येत नाही म्हणून. मोठा माणूस तोंडानं सांगतो."

"हॉटेलात जाऊन तुम्ही मेनूकार्ड बघत नाही?"

"मला काय खायचंय ते मला ठाऊक असतं!"

"यांना कायम मिसळ खायची असते," पद्मा मधेच म्हणाली.

"आणि एक अक्षर चुकलं की तुमचं डॉस फिस्कटतं!"

"आणि तुमचं विंडोज चालू होईपर्यंत माणसाची एक झोप होते!"

निमिष आणि सई एकमेकांकडे बघत होते. सईनं मला डोळ्यांनी खुणावलं. पण मी डॉसवाला. मला खुणा कळत नाहीत, सांगावं लागतं. मी उठलो, मशीन चालू केलं आणि म्हणालो, "थांबा. डॉसची ताकद दाखवतो. मुलामुलीची पत्रिकाच जुळवून दाखवतो."

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या घरात पत्रिका बघत नाहीत. शेंड्यांच्याही घरात बघत नाहीत. त्या दिवशी त्या खोलीतल्या एकाही माणसाला पत्रिका बघायची नव्हती. पण माझ्याकडे तासगावच्या बाळासोनं दिलेल्या फ्लॉपीवर पत्रिकेचा प्रोग्राम होता आणि तो कुणाला दाखवायची संधी मला वर्षभर मिळाली नव्हती. मी कमांड दिली. दोघांच्या जन्माच्या तारखा, वेळा, गावं खटाखट टाइप केली. फ्लॉपी कुरकुरली आणि पडद्यावर अक्षरं उमटली. छत्तीसपैकी एकतीस गुण!

"वा!" कुमुदिनीबाई म्हणाल्या. पद्मानं देवापुढे साखर ठेवली. देवदत्तराव मात्र पडद्याकडे असे बघत होते, जसं आंब्याच्या पेटीत तळाचा थर बघतात.

"ठीक आहे," ते म्हणाले. "घरी गेल्यावर आमच्या विंडोजवर बघून फोन करतो."

रात्री फोन आला.

"अनंतराव, अकरा."

"नाही हो, साडेनऊच झालेत."

"गुण अकरा! अठराच्या खाली लग्न करत नाहीत."

मी म्हटलं, "म्हणजे लग्न मोडताय?"

"छे छे! पत्रिका मानतो कोण? मुलगी लाखात एक आहे. लग्न होणार. फक्त अकरा गुणांनी होणार."

"एकतीस गुणांनी होईल!"

"अकरा! विंडोज खोटं बोलत नाही."

"आणि डॉस कमी बोलतं, पण खरं बोलतं!"

"तुम्ही अकरा कबूल करा, पुढच्या महिन्यात बार उडवू."

"तुम्ही एकतीस कबूल करा, याच महिन्यात उडवू!"

"मग राहू द्या!"

"राहू द्या!"

फोन ठेवला आणि वळून बघितलं, तर मागे सई उभी. मी म्हटलं, "बघितलंस सई, त्या माणसाचा हट्ट?"

मग जे झालं ते सांगवत नाही. पोर तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. चौथ्या आठवड्यात बोलली, तेव्हा वाटलं, गप्प होती तेच बरं होतं. "बाबा, मला निमिषशी लग्न करायचंय. तुमच्या सी ड्राइव्हशी नाही!" असं म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. लहानपणी सायकलवरून पडली तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं, की एकतीसचे तीस करावेत असंही क्षणभर मनात आलं.

तिकडे साताऱ्यातही तीच कथा. निमिषनं घरात जेवण सोडलं होतं, कुमुदिनीबाईंनी बोलणं सोडलं होतं, देवदत्तरावांनी काहीच सोडलं नव्हतं. शेवटी पद्मा उठली आणि थेट पेढीवर जाऊन जवाहरशेठांपुढे उभी राहिली. शेठनी सगळं ऐकून घेतलं आणि मला बोलावलं.

"आवं दिवाणजी, दोन्ही पार्ट्यांना माल पसंत हाय?"

"आहे."

"द्यायचाय बी आनि घ्यायचाय बी?"

"हो."

"मग आडलंय कुठं?"

"गुणांवर, शेठ. मी एकतीस म्हणतो, ते अकरा म्हणतात."

शेठनी कपाळावर हात मारला. "लय शिकलेली मानसं हाय तुमी. चला, मी येतो साताऱ्याला. सौदा मी जुळवून देतो."

मी एकच अट घातली. माझा कॉम्प्युटर बरोबर येणार. समोरासमोर होऊन जाऊ दे!

ठरल्या दिवशी आम्ही साताऱ्याच्या एस.टी.त बसलो. शेठ पुढे, पद्मा आणि सई मध्ये. मी मागच्या बाकड्यावर, मांडीवर चादरीत गुंडाळलेला मॉनिटर आणि पायाशी बाकीचं धूड. कंडक्टर आला.

"ह्याचं तिकीट?"

"अहो, हा कॉम्प्युटर आहे."

"बोलतो का?"

"विचारलं तरच."

"मग अर्धं काढा."

शेजारी हरणाबाई नावाची म्हातारी इस्लामपुराला बसली होती. तिनं चादर उचलून पाहिली. "टीवी व्हय?"

"नाही आजी. मुलीचं लग्न ठरवायला चाललोय."

"आत्ता गं बया! ठरायच्या आदीच हुंडा? आनि त्यो बी जुना?" असं म्हणून तिनं सगळ्या गाडीला सांगितलं. कऱ्हाड येईपर्यंत तीन माणसांनी माझी समजूत काढली आणि एकानं पोलिसांत जाऊ म्हणून सुचवलं. सई खिडकीबाहेर बघत होती. तिनं ओळख दाखवली नाही.

साताऱ्याला सदाशिव पेठेत शेंड्यांचं घर. घर चढावर. मॉनिटर मी छातीशी धरून वर नेला आणि दारात पोचलो तेव्हा माझा चेहरा बघून कुमुदिनीबाईंनी आधी पाणी आणलं, मग खुर्ची. शेठ जैन, कांदा खात नाहीत, म्हणून त्या दिवशी कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला बिनकांद्याचे पोहे होते. ते कुणी धड खाल्ले नाहीत. एका टेबलावर माझं डॉस, शेजारी त्यांचं विंडोज. दोन्ही मशिनं चालू केली. माझं डॉस तेव्हाच हजर झालं. त्यांचं विंडोज चालू होईपर्यंत आमचा चहा झाला, आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

दोघांनी पुन्हा तेच सगळं भरलं. इकडे एकतीस. तिकडे अकरा.

"बघा!" मी ओरडलो.

"बघा!" देवदत्तराव ओरडले.

"बघितलं," शेठ म्हणाले आणि खांद्यावरचा रुमाल काढला.

आता तुम्ही हळदीचा जुना सौदा पाहिला नसेल तर सांगतो. भाव तोंडानं बोलायचा नाही. अडत्या घेणाऱ्याच्या हातावर रुमाल टाकतो, आत हात घालतो, आणि बोटं दाबून भाव ठरतो. बघणाऱ्याला दिसतो फक्त रुमाल. शेठनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं, दोघांचे उजवे हात रुमालाखाली घेतले आणि स्वतःचे दोन्ही हात आत घातले.

"बोला. म्हंजे बोलू नका. बोटानं सांगा."

मी शेठच्या हाताला जोर लावून एकतीस दाबले. शेठनी माझी करंगळी अशी पिरगळली, की मी निमूटपणे तिसावर आलो. पलीकडे देवदत्तरावांचाही चेहरा वाकडा झाला. म्हणजे ते चढत होते. सई आणि निमिष भिंतीला टेकून उभे होते, सईनं त्याचा हात धरला होता आणि त्यांच्या हातावर रुमालही नव्हता.

तेवढ्यात देवदत्तराव हळूच म्हणाले, "हे बरंय. बोटानं दाखवायचं. म्हणजे हे विंडोजच झालं."

"विंडोज कसलं?" मी उसळलो. "काही दिसतंय का? सगळं अंधारात, आणि नेमकं सांगावं लागतं. हे शुद्ध डॉस आहे!"

"बोटं, अनंतराव, बोटं!"

"अंधार, देवदत्तराव, अंधार!"

"गप बसा दोगं बी!" शेठ गरजले. "घामानं हात बुळबुळीत झाल्यात माझं. हळदीचं ट्रक सोडवलं, पर असलं गिऱ्हाईक बघितलं न्हाई." आणि दोघांचीही बोटं एकदम अशी आवळली, की आमच्या दोघांच्या तोंडून एकाच सुरात "आई गं!" निघालं.

"झालं. दोगांचं बी एक मत पडलं," शेठनी रुमाल झटकला. "एकवीस गुण. सौदा तुटला!"

सौदा तुटणं म्हणजे ठरणं. पण साताऱ्याच्या मंडळींना ते ठाऊक नव्हतं. कुमुदिनीबाईंनी तोंडाला पदर लावला, निमिषचा चेहरा पांढरा पडला. सईनं घाईघाईनं "ठरलं, ठरलं!" म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला. पेढे फिरले. सईनं मला वाकून नमस्कार केला. मला भरून आलं. दहा गुण गेले खरे, पण पोरगी परत मिळाली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पद्मा पेढ्याचा बॉक्स घेऊन कॉम्प्युटरशी आली आणि माझ्या हिरव्या पडद्याकडे बघत राहिली.

"अहो, हे काय लिहिलंय? सईचा जन्म फाल्गुनातला?"

"असेल. डॉस म्हणतंय म्हणजे..."

"डॉस गेलं खड्ड्यात! माझी पोरगी नागपंचमीला झाली! मी वाईला कळा देत होते आणि हे शिराळ्याला नाग बघत होते. दवाखान्यात आले ते तोंडभर गुलाल लावून. अन् आज म्हणे फाल्गुन! म्हणजे शिमग्याला झाली का माझी सई?"

मी वाकून बघितलं. सईची तारीख तीन ऑगस्ट. मी टाइप केलं होतं तीन, मग आठ. आणि पडद्यावर वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'आधी महिना, मग तारीख'. अमेरिकन पद्धत. डॉसनं निमूटपणे तीनचा मार्च केला आणि आठची तारीख. मी ती ओळ कधी वाचलीच नव्हती. डॉसवाला माणूस वाचत नाही, त्याला पाठ असतं.

देवदत्तराव टाळ्या पिटत उठले. "म्हणून मी म्हणतो, विंडोज! सगळं समोर दिसतं!"

"हो ना," कुमुदिनीबाई चष्मा पुसून त्यांच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. "मग हे पण दिसलं असेल. निमिषचं जन्मगाव साप्पोरो, जपान."

देवदत्तरावांनी चष्मा वर केला, खाली केला. गावांच्या यादीत साताऱ्याच्या वरच साप्पोरो होतं. माऊस जरासा सरकला होता. एका बोटाच्या अंतरानं त्यांचा मुलगा जपानी झाला होता.

"बाळंतपण या घरापासून चार घरं सोडून झालं," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "जपानला गेले असते तर माझ्या लक्षात राहिलं असतं."

"दुरुस्त करून पुन्हा बघू!" आम्ही दोघं एकदम म्हणालो आणि आपापल्या मशीनकडे धावलो. पण शेठ आडवे आले.

"हात लावायचा न्हाई! सौदा झाला की माल परत उघडून बघायचा नसतो. आमच्या धंद्यातली ही पहिली शिस्त. एकवीस म्हंजे एकवीस."

पद्मानं "बरोबर आहे" म्हणत खोलीतलं बटण बंद केलं, दोन्ही पडदे विझले आणि बायका याद्यांचं बोलायला स्वयंपाकघरात गेल्या. शेठ ओसरीत आडवे झाले. मुलं गच्चीवर पळाली.

राहिलो आम्ही दोघं व्याही आणि दोन बंद कॉम्प्युटर.

देवदत्तराव खाकरले. "शब्द दिलाय. मुलांचं नाही बघायचं."

"मुलांचं नाही," मी म्हटलं.

"पण दुसऱ्या कुणाचं बघितलं तर? निव्वळ शास्त्र म्हणून. कुणाचं मशीन बरोबर, एवढंच."

"कुणाचं बघायचं?"

"तुमचं आणि वहिनींचं घालू की. ते लग्न तर झालेलंच आहे. आता काय बिघडणार?"

मला पटलं. (अशा गोष्टी मला फार लवकर पटतात.) हळूच बटण चालू केलं. या वेळी मी वरची ओळ दोनदा वाचली, महिना आधी घातला. देवदत्तरावांनी गावावर बाण नेला, माऊस डाव्या हातानं घट्ट दाबून धरला आणि उजव्या हातानं टिचकी मारली. फ्लॉपी कुरकुरली. विंडोजचं वाळूचं घड्याळ फिरलं. माझ्या पडद्यावर आकडा आला. त्यांच्या पडद्यावर आकडा आला.

इकडे चार. तिकडे चार.

"जुळलं!" मी किंचाळलो. देवदत्तरावांनी मला मिठी मारली. "एकमत झालं, अनंतराव! डॉस आणि विंडोजचं एकमत!" आम्ही दोन प्रौढ माणसं एकमेकांना धरून त्या खोलीत अक्षरशः नाचलो. इतक्या दिवसांचं भांडण मिटलं होतं. दोन्ही मशिनं खरी होती. दोघांचाही विजय झाला होता.

आरडाओरडा ऐकून पद्मा दारात आली. हातात चहाचा ट्रे.

"कशावर झालं एकमत?"

देवदत्तरावांना अचानक ओसरीत काहीतरी काम आठवलं. मी पडद्यासमोर उभा राहिलो, पण मी एक, पडदे दोन. तिनं एकावर आमची नावं वाचली, मग दुसऱ्यावर वाचली. छत्तीसपैकी चार. मला वाटलं, आता ट्रे येणार अंगावर.

तिनं शांतपणे माझ्या हातात कप दिला.

"मला लग्नानंतर पंधरा दिवसांतच कळलं होतं," ती म्हणाली. "पण शेठ म्हणतात ते खरंय. सौदा झाल्यावर माल परत उघडून बघायचा नसतो."